हातउसना

सुखात देवावर विश्वास ठेवणं सोपं असतं, म्हणूनच तेव्हा तो ठेवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलो टोमॅटोची क्रेट दोन हजारांच्या वर गेली, तेव्हा चहाच्या टपरीवर जो तो स्वतःच्या दूरदृष्टीबद्दल बोलत होता. लागवड नेमकी कधी केली, रोप कुठून आणलं, लोक हसत होते तरी आपण कसं ऐकलं नाही, हे सगळं सांगून व्हायचं. देवाचं नाव त्या गप्पांत क्वचितच यायचं. पुढं सप्टेंबरात तोच टोमॅटो तोडणीची मजुरी निघेना म्हणून फेकून द्यायची वेळ आली आणि टपरीवर एकदम देवाची आठवण निघाली. आठवण निघाली म्हणजे त्याला जाब विचारला गेला. दूरदृष्टी आपली आणि मंदी त्याची, अशी ही जुनी वाटणी आहे. आम्ही ख्रिस्ती लोकही ती अगदी काटेकोर पाळतो.

जुन्नर-आंबेगावात आम्ही तसे मोजकेच. इतके मोजके, की नाताळात गाणी म्हणत घरोघरी जाणारे आणि ज्यांच्या दारात गाणी म्हणायची ते, हे बहुधा एकच असतात. गात गात एखाद्याच्या अंगणात पोचलो की त्या घरातला माणूस आमच्यातून निसटून पुढं पळतो, आत जातो, दार लावतो आणि मग आश्चर्यचकित चेहऱ्यानं उघडतो. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीचे लोक नाशिकहून इथपर्यंत पोचले होते. त्यांच्या कागदपत्रांत जुन्नरचं नाव 'जुनीर' असं येतं. पण माझे आजोबा काही त्यांच्यामागून आले नाहीत. ते नगरकडून मास्तर म्हणून आले, इथली हवा त्यांना मानवली, आणि बदलीचा अर्ज करायचा राहून गेला.

शेजार मात्र आम्हाला मोठा लाभला. अष्टविनायकांतले दोन गणपती एका जुन्नर तालुक्यात, लेण्याद्रीला आणि ओझरला. शिवनेरी डोक्यावर. भीमाशंकरला जाणारी वाट आंबेगावातून. ओतूरला तुकोबांच्या गुरूंची, बाबाजी चैतन्यांची समाधी. आळ्याला तर ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याचीही समाधी आहे. जिथं रेडासुद्धा श्रद्धेच्या बाबतीत आपल्यापुढं निघून गेलेला, तिथं राहणाऱ्याला आपल्या भक्तीचा फार गर्व होऊ शकत नाही. आणि एक फायदाही होतो. घरात काही दुखलंखुपलं की चौकशी सगळ्या बाजूंनी होते.

आमच्या भागात विश्वासाची परीक्षा साधारण रात्री दोनच्या सुमारास होते. शेतीची वीज पाळीनं येते आणि रात्रपाळी असली की कांद्याला पाणी द्यायला अंधारातच जावं लागतं. एका बाजूला कांदा, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि उसात बिबट्या असण्याची शक्यता. शक्यता हा शब्द शहरातल्यांसाठी वापरला. आमच्याकडं माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे, म्हणजे शेजाऱ्यांची नावनिशी सरकारदरबारी आहे. अशा वेळी बॅटरीचा झोत, हातात काठी आणि मोबाइलवर मोठ्या आवाजात काहीतरी लावलेलं, असा सरंजाम असतो. शेजारचे अण्णा माळकरी, ते हरिपाठ लावतात. मी 'उपासना संगीता'तली गाणी लावतो. बांधाच्या दोन्ही अंगांनी दोन्ही चालू असतात आणि मधल्या उसात जो कोणी बसलेला असेल त्याला सर्वधर्मसमभावाचा लाभ होतो.

तेविसावं स्तोत्र तुम्ही पुण्याच्या चर्चमध्ये बाकावर बसून ऐका आणि मग आमच्याकडं पाण्याच्या पाळीला येऊन ऐका. मेंढरं, मेंढपाळाची काठी, अंधारी दरी, हे सगळं तिथं काव्य असतं. इथं तो त्या रात्रीचा अहवाल असतो. दावीद राजा लहानपणी मेंढरं राखायचा आणि सिंहाच्या, अस्वलाच्या तोंडातून कोकरू सोडवायचा, असं शास्त्रात आहे. आमच्या रविवारच्या शाळेत हा पाठ सांगताना एका पोरानं विचारलं होतं, "मग वनखात्याकडून भरपाई मिळाली का?" दानिएल सिंहांच्या गुहेत रात्रभर राहिला हे ऐकून त्याच पोरानं, पिंजरा कोणी लावला होता, असंही विचारलं. या मुलांना विश्वास शिकवायचा म्हणजे तपशिलात कच्चं राहून चालत नाही.

बिबट्याची भीती एका रात्रीपुरती असते. उजाडलं की मोटार बंद करून घरी यायचं, चहा प्यायचा. माणसाला खरी मोडते ती न उजाडणारी रात्र. आजारपण, मरण, कर्ज, घरात कुणाचं तरी मन फिरणं. आमच्या मंडळीत या प्रसंगांवर बोलण्याची एक रीत आहे, तिला साक्ष देणं म्हणतात. उपासनेत एखादा उठतो आणि देवानं आपल्याला संकटातून कसं बाहेर काढलं ते सांगतो. मी लहानपणापासून साक्षी ऐकत आलो आहे. त्यांतली एकही संकट चालू असताना दिलेली नव्हती. ऑपरेशन झालेलं असतं, कर्ज फिटलेलं असतं, मुलगी नांदायला गेलेली असते. शेवट गोड झाल्यावर गोष्ट सांगणं ही काही फार धाडसाची बाब नाही, पण आम्हाला तीच सवय. त्यामुळं ज्याची गोष्ट अजून मधल्या पानावर अडकलेली आहे तो गप्प बसतो, आणि आपला विश्वासच कमी पडला असणार असं मनाशी धरतो.

ही रीत माझ्या आत्यानं मोडली. आत्या निवृत्त परिचारिका. उभा जन्म लोकांना सुया टोचण्यात गेल्यामुळं तिच्या बोलण्यातही ती सवय उतरलेली. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मामा, म्हणजे तिचे यजमान, गेले. ती नोकरीत असती तर ज्या आजारातून इतरांना वाचवत राहिली असती त्या आजारात स्वतःच्या माणसाजवळ तिला थांबताही आलं नाही. अण्णांनी ओझरच्या विघ्नहराला नवस बोलला होता. जुन्नरच्या पंप दुरुस्त करणाऱ्या चाचांनी दुवा मागितली होती. आमची प्रार्थना तर साखळीनं चालली होती. मामा गेल्यावर अण्णा दाराशी आले, बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, आमच्याकडून प्रयत्न झाला." याहून प्रामाणिक शोकसंदेश मी ऐकलेला नाही.

चर्च पुन्हा उघडल्यावर साक्षीच्या वेळी आत्या उठली. सगळे सावरून बसले, कुणी रुमालही काढला. ती म्हणाली, "सलाम. मला साक्ष द्यायची नाही. माझं आणि देवाचं सध्या बोलणं बंद आहे. तुमचं चालू असेल तर माझ्या वतीनं बोलत जा. एवढंच."

पाळकसाहेबांना सेमिनरीत याचं उत्तर शिकवलेलं नसावं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बरं बाई. आम्ही बोलतो. तुम्ही येत मात्र जा."

"येईन," आत्या म्हणाली. "चहा असतो."

आत्याचं ते बोलणं ऐकताना मला मार्काच्या शुभवर्तमानातली एका पक्षाघाती माणसाची गोष्ट आठवली. चौघांनी त्याला खाटेवर घालून येशूपाशी नेलं. दारात मुंगीला शिरायला जागा नव्हती, म्हणून ते घरावर चढले, छप्पर उसकटलं आणि खाट वरून खाली सोडली. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात ज्यांनी आषाढाच्या तोंडावर घर शाकारलं आहे त्यांना ही गोष्ट वाचताना आधी घरमालकाची काळजी वाटते. तो काय म्हणाला, छप्पर कुणी दुरुस्त करून दिलं, यावर शास्त्र मौन पाळतं. पण मला त्यातली दुसरी एक बाब जास्त महत्त्वाची वाटते. खाटेवरचा माणूस सगळ्या गोष्टीत एक अक्षर बोलत नाही. त्याचा विश्वास होता का, किती होता, की "कशाला मला वर चढवताय, पाडाल" असं तो पुटपुटत होता, काही कळायला मार्ग नाही. येशूची नजर जाते ती या चौघांच्या विश्वासाकडे. कुणाच्या तरी विश्वासावर कुणीतरी दुसराच उठून चालायला लागतो.

तेव्हापासून मला वाटत आलं आहे की अडचणीच्या काळात आपला स्वतःचा विश्वास पुरा पडतो ही समजूतच खोटी. तो संपतो. महिनाअखेरीला साखर संपते तसाच संपतो, आणि मग वाटी घेऊन शेजारी जावं लागतं. आपल्या भागात पतसंस्थांना तोटा नाही, पण हे हातउसनं तिथं मिळत नाही. त्याला जामीनदार लागत नाहीत, व्याज नाही, आणि देणाऱ्यानं किती दिलं ते मोजायचं नाही अशी पद्धत आहे. अडचण एकच: मागायला तोंड उघडावं लागतं. वाटी पदराखाली लपवून आपल्या घरात साखरेची पोती आहेत असं दाखवत फिरणारे आमच्या मंडळीत पुष्कळ आहेत. आत्यानं भर उपासनेत वाटी पुढं केली, एवढाच तिचा गुन्हा.

देवाशी भांडण झालं म्हणजे नातं तुटलं असं मानणाऱ्यांनी आमचं शास्त्र उघडून पाहावं. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं उघडउघड तक्रारीची आहेत. किती दिवस तोंड लपवणार, झोपलास की काय, असा त्यांचा सूर असतो. बहुतेक स्तोत्रं शेवटी कशीबशी आशेवर येऊन टेकतात. अठ्ठ्याऐंशीवं तेवढंही करत नाही, ते अंधारातच संपतं. तरी ते गाळावं असं कुणाला वाटलं नाही. वादळात होडीत पाणी भरत असताना येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला होता, आणि शिष्यांनी त्याला उठवून जे विचारलं ते काही स्तवन नव्हतं. 'आम्ही बुडतोय, तुला काहीच कसं वाटत नाही' या अर्थाचं ते बोलणं होतं. वादळ शमल्यावर त्यांना त्यांच्या अविश्वासाबद्दल बोल लागला हे खरं. पण वादळ आधी शमलं, बोल नंतर लागला, हा क्रम मला फार दिलासा देतो.

आणि मराठी माणसाला तर हे भांडण परकं नाही. आपल्या संतांनी विठ्ठलाला जे ऐकवलं आहे ते एखाद्या सरकारी साहेबाला ऐकवलं असतं तर कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला असता. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो. आता तुकोबांचे गुरू ओतूरचे, त्यामुळं त्या पुलाचा एक खांब आमच्या जुन्नर तालुक्यात रोवलेला आहे, असा दावा मी अधूनमधून करतो. अण्णांना तो मान्य आहे. फक्त पूल दोन्ही बाजूंनी वापरता येतो, असं ते हसत सुचवतात.

त्या पुलावरून टिळक गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई अलीकडच्या तीरावर राहिल्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि इकडं लहानग्या दत्तूसह या बाईच्या पायाखालची जमीन गेली. जवळजवळ पाच वर्षं नवरा-बायको वेगळी. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचताना आपण हसत असतो, कारण लिहिणारी बाईच तशी आहे. पण त्या हसण्याच्या खाली त्या दिवसांतलं वेडं व्हायची वेळ आलेलं मन आहे. गंमत अशी की पुढं ख्रिस्ती साहित्यात ज्यांचं नाव अग्रभागी आलं त्या लक्ष्मीबाईंना त्या काळात उभं ठेवलं ते बहिणीच्या घरानं, सोवळंओवळं पाळणाऱ्या नातेवाइकांनी. काही काळ तर त्या पंढरपुरात होत्या. विश्वास उसना कुठून मिळेल याचा नेम नसतो. पुढं नवऱ्याकडं परतल्यावरही त्यांनी आपलं पाणी आणि चूल काही काळ वेगळी ठेवली. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन चुली, तरी संसार चालू. मग प्रश्न स्वतःशी सोडवत सोडवत, नवऱ्याच्या ओढण्यानं नव्हे तर आपल्या चालीनं, त्या १९०० साली पलीकडं गेल्या.

टिळकांना हातात आलेलं देऊन टाकायची खोड होती. असा नवरा चरित्रात फार शोभतो. स्वयंपाकघरात त्याचा जमाखर्च बायकोला मांडावा लागतो. ते १९१९ मध्ये गेले तेव्हा येशूच्या जीवनावरचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरुवातीलाच अर्धवट राहिलं होतं. ज्या बाईला मोठेपणी नवऱ्याकडून अक्षरं गिरवावी लागली होती तिनं उरलेले अध्याय लिहून काढले, आणि ते मूळच्या अध्यायांपेक्षा कितीतरी जास्त भरले. हातउसन्याची परतफेड अशी करतात.

दुःखाच्या घरी विश्वास घेऊन जाणाऱ्यांबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण पुष्कळ नुकसान आम्हीच करतो. समाचाराला जायचं, खुर्चीच्या कडेवर बसायचं, पाण्याचा पेला हातात घ्यायचा आणि मग कारण सांगायचं. देवाची इच्छा. देव आवडत्या माणसांना लवकर नेतो. परीक्षा असते. यातून काहीतरी चांगलं निघेल. आत्याकडं अशा एका बाई आल्या होत्या. त्यांचं संपेपर्यंत आत्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं बीपी शेवटचं कधी तपासलंत?" तपासलं तर खरंच वाढलेलं निघालं. त्या बाईंच्या येण्यातून काहीतरी चांगलं निघालं म्हणायचं.

ईयोबाच्या गोष्टीत त्याचे मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून कुणी एक शब्द बोलत नाही. आठवडाभर त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. मग त्यांनी तोंड उघडलं आणि पुढचे कितीतरी अध्याय ते बिघडवत बसले. शेवटी देवानंही या समजूतदारांनाच फैलावर घेतलं आणि आरडाओरडा करणाऱ्या ईयोबाची बाजू घेतली.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. नेहमीप्रमाणे निघालेल्या एसटीच्या चालकानं पाहिलं तर गाव जागेवर नव्हतं. त्यानं ते बाहेर कळवलं तेव्हा जगाला पत्ता लागला. १५१ माणसं गेली. गावातली शाळा तेवढी उभी राहिली. त्या पावसात, त्या चिखलात एनडीआरएफचे जवान आणि आसपासचे लोक कित्येक दिवस माती उपसत होते. त्या दिवसांत कुणी मला विचारलं असतं की तुमचा देव कुठं होता, तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. आणि ज्यांच्याकडं आहे त्यांच्यापासून मी जरा अंतर ठेवून बसतो. एवढं मात्र दिसलं की चिखलात उतरलेल्यांपैकी कुणीही आधी आपला विश्वास तपासून मग फावडं उचललं नव्हतं. वाचलेल्यांना पुढं आमडे इथं नव्यानं वसवलं. ज्यांचं सगळं गेलं त्यांनी पुन्हा उंबऱ्याची पूजा करून घरात पाऊल टाकलं. याला विश्वास म्हणायचं नसेल तर त्या शब्दाची मला गरज नाही.

आमच्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, पंडिता रमाबाईंचं केडगाव आहे. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण अठराशे सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात गेले. १८८० मध्ये भाऊ गेला आणि दोनच वर्षांनी नवरा. चोविसाव्या वर्षी ही बाई कडेवर मुलगी घेऊन एकटी. उपाशी माणूस कसा मरतो हे तिनं घरात पाहिलं होतं, म्हणून १८९६-९७ च्या आणि पुन्हा १९०० च्या दुष्काळात तिनं उपाशी मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात आणलं. रमाबाईंबद्दल आम्ही भाषणं करतो तेव्हा त्यांच्या अढळ श्रद्धेवर भर देतो. मला त्यांच्या श्रद्धेपेक्षा त्यांच्या नियोजनाचा जास्त दरारा वाटतो. एवढ्या मुलींना रोज दोन वेळा जेवू घालायचं म्हणजे धान्य, सरपण, पाणी, आणि कोण कुणाची वाटी पळवते याचा निवाडा. देवावर भार टाकला म्हणणारी ही बाई फळबाग लावत होती, छापखाना चालवत होती, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणत होती. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्यांच्याच मुक्तिसदनातल्या बायकांनी छापलेलं ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ज्यांना एके काळी रमाबाईंनी विश्वास उसना दिला होता त्यांनीच तो खिळे जुळवून फेडला.

आत्याचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. चमत्कार सांगण्याजोगं काही नाही. ती दर रविवारी यायची, मागच्या बाकावर बसायची, गाण्याच्या वेळी ओठ मिटलेले. आम्ही ठरल्याप्रमाणे तिच्या वतीनं बोलत होतो. नंतर चहा. असे कितीतरी महिने गेले. मग कापणीचा सण आला. या सणाला लोक शेतातलं काही ना काही चर्चमध्ये आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. भोपळा, कांद्याची पिशवी, अंडी, कुणी भलत्याच उत्साहात जिवंत कोंबडा. पाचशेला दुधी घेणारा माणूस बाहेर बाजारात पाच रुपयांसाठी घासाघीस करतो, पण त्या दिवशी त्याच्या अंगात येतं. त्या वर्षी एका भोपळ्यावर पाळकसाहेबांनी बोली लावली. मागच्या बाकावरून आत्यानं दहानं वाढवली. पाळकसाहेबांनी वाढवली, तिनं पुन्हा वाढवली. शेवटी एवढ्या पैशांत भोपळ्याची वेलच काय, वावरही खंडानं मिळालं असतं अशा किमतीला तिनं तो घेतला, उचलून टेबलावर परत ठेवला आणि म्हणाली, "लावा पुन्हा लिलाव. मामांच्या नावानं." तिचं आणि देवाचं बोलणं तेव्हा सुरू झालं की नाही ठाऊक नाही. निदान व्यवहार सुरू झाला. पुढच्या रविवारी तिनं पेटी वाजवणाऱ्याला चाल चुकल्याचं सुनावलं, तेव्हा आम्ही निश्चिंत झालो.

आमच्या जुन्नरच्या लेण्यांत जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. त्यांतला एक सांगतो की इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दान दिली. चित नावाच्या दुसऱ्या यवनानं भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. कुठल्या कुठून आलेली ही माणसं; नाणेघाट चढून आली असतील, दमली असतील, मालाचा भाव पडला म्हणून नशिबाला बोल लावला असेल. त्यांना काय शंका होत्या, रात्री झोप लागायची का, घरची आठवण यायची का, यातलं काहीही दगडावर कोरलेलं नाही. कोरलं आहे ते एवढंच की यांनी पाण्याची सोय केली, जेवायला बसायची सोय केली. माझी खात्री आहे की दोघांच्याही विश्वासात मधूनमधून खंड पडत असणार. टाकं मात्र त्यांचा विश्वास जागेवर नसतानाही भरत राहिलं असेल, आणि जे त्यातलं पाणी प्यायले त्यांनी दात्याची श्रद्धा तपासून पाहिली नसेल.

सध्या आमच्याकडं अण्णांची पाळी आहे. ऑक्टोबरात छाटणी झाली, काळी द्राक्षं घडांनी लगडली आहेत, आणि आभाळाचा काही भरवसा नाही. घरात मुलीचं लग्न ठरलेलं, बागेवर सोसायटीचं कर्ज. परवा बांधावर भेटले आणि जरा घुटमळत म्हणाले, "विघ्नहराला बोललोय मी. पण तुमच्याकडंही नोंद राहू द्या. माझं मन हल्ली लागत नाही देवात."

मी रविवारी मंडळीत सांगितलं. आत्यानं ताबडतोब शंका काढली, की नुसतं 'अण्णांची बाग' म्हणून चालणार नाही, गट नंबर सांगा; गारपीट बांध ओळखत नाही. यावर बरीच चर्चा झाली. पाळकसाहेबांचं मत पडलं की देवाला सातबारा लागत नाही. आत्याचं मत पडलं की मामांच्या वेळी आपण वॉर्ड आणि खाटेचा नंबरसुद्धा सांगितला होता, तरी पुढं काय झालं ते माहीत आहेच, म्हणून या वेळी उलट करून पाहू. नंबर नको, अख्खा तालुकाच सांगू. अण्णांना हे कळवलं तेव्हा ते काळजीत पडले. "सगळ्यांच्याच बागा वाचल्या तर भाव पडेल की हो," म्हणाले. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "पडू द्या. सांगा तालुक्याचं." आंबेगावची बाजू आत्यानं आपल्याकडून जोडून घेतली.